काजळीचा मुक्काम : खानदेशातल्या इंजिनांचा एक इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांचे फोन आले. "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. हे इंजिनाचं मधेच काय काढलं?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आमच्या गाडीच्या एका बिघाडात आहे. तेवढं आधी सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

निवृत्तीनंतर आम्ही एक वापरलेली पेट्रोल मोटार घेतली. आधीच्या मालकाने ती पन्नास हजार किलोमीटर चालवली होती. आमचा वापर म्हणाल तर घर ते भाजीबाजार, घर ते वाचनालय, आणि लग्नसराईत एखादी लांबची फेरी. दुसऱ्या हिवाळ्यात ही गाडी सकाळी सुरू केली की मिनिट-दोन मिनिटं हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची. पुढे समोरचा पिवळा दिवाही लागू लागला. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरवर नेली. त्यांनी पेट्रोलच्या टाकीत औषधाची एक बाटली ओतली आणि बिल दिलं. चार महिन्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी धुळ्याला नातेवाइकांकडे गेलो असताना त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी इंजिनात हवा नेणारा भाग, म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड, उतरवला, आत बॅटरीचा झोत टाकला आणि म्हणाले, "बघा." इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर तव्याच्या बुडाला असतो तसा जाड, काळा, कडक थर बसला होता. मिस्त्री म्हणाले, "सर, दुखणं नाकात आहे आणि तुम्ही औषध पोटात घालत बसलात."

त्या एका वाक्याने आम्हाला कामाला लावलं. ही काजळी तिथे आली कशी? तिच्यापर्यंत औषध का पोचलं नाही? आणि आमच्या तरुणपणी गाड्यांचं हे दुखणं कधी ऐकलं कसं नाही? शोध घेता घेता आम्ही पार दीडशे वर्षं मागे गेलो. त्यातून जे हाती लागलं ते थोडक्यात असं : इंजिनातली काजळी कधीच संपलेली नाही. प्रत्येक पिढीने एक अडचण सोडवली, आणि काजळीने आपला मुक्काम हलवला. मुक्काम हलला की जुना उपाय चालत नाही. पण सवयीने आपण तोच करत राहतो. आमच्या तीन बाटल्यांचा हिशेब तिथे लागतो.

आता क्रमाने पाहू.

काजळी म्हणजे काय, हे आमच्या पिढीला कुणी शिकवावं लागलं नाही. खेड्यात वीज यायच्या आधी दिवेलागणीला घरातल्या पोरांचं एक ठरलेलं काम असायचं, कंदिलाची काच राखेने पुसायची. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तेव्हा घरोघरी होता. वात जास्त वर केली की ज्योत लांब आणि धुरकट व्हायची, काच काळी पडायची, आणि आतून आवाज यायचा, "वात खाली कर रे!" तेलातला कार्बन पुरता जळायला पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता लागते. तेल जास्त झालं, हवा कमी पडली किंवा ज्योत मधेच थंड झाली, तर न जळलेला कार्बन सुटतो. चूल असो, कंदील असो की इंजिन, हा नियम एकच आहे.

खानदेशात इंजिन आलं ते कापसाच्या मागोमाग. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इकडच्या कापसाचे भाव चढले. त्याच दशकात जीआयपी रेल्वे जळगाव-भुसावळकडे आली. जळगावची पेठ वाढली ती या दोन गोष्टींमुळे. सरकी वेगळी करणारे जिन आणि गठ्ठे बांधणारे प्रेस वाफेवर चालू लागले. भुसावळला रेल्वेची इंजिनं मुक्कामाला येऊ लागली.

वाफेच्या या यंत्रांत काजळी बॉयलरच्या नळ्यांत साचायची. काजळी उष्णता अडवते. नळ्यांत थर जाड झाला की तेवढ्याच वाफेला जास्त कोळसा लागतो. म्हणून ठरावीक दिवसांनी भट्टी थंड करून, लांब दांड्याचे ब्रश घालून नळ्या झाडाव्या लागत. काम घाण होतं, करणाऱ्याच्या फुप्फुसांचं त्यात नुकसानच होत असणार. पण आपल्या विषयापुरती एक गोष्ट इथे टिपून ठेवा. काजळी कुठे आहे हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. नळ्या झाडणाऱ्याला ती दिसत होती, आणि कोळशाचा हिशेब लिहिणाऱ्या मुनीमजींना ती आकड्यांत दिसत होती.

वाफेनंतर आलं तेलाचं इंजिन. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन जर्मनीत आउग्सबुर्गला १८९७ साली यशस्वी चाललं. सिलिंडरात तेल फवारण्यासाठी त्यांनी दाबाखालची हवा वापरली होती. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे, त्यामुळे ते यंत्र अवजड होतं. पुढे नुसतं तेलच प्रचंड दाबाने बारीक छिद्रांतून फवारायची युक्ती जमली. बॉश कंपनीने १९२७ साली असे पंप मोठ्या संख्येने बनवायला घेतले, आणि डिझेल इंजिन लहान-सुटसुटीत झालं. आपल्या महाराष्ट्रात साताऱ्याला कूपर यांच्या कारखान्यात अशी इंजिनं बनू लागली, आणि १९४६ साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. त्यानंतरच्या काळात खानदेशात विहिरीवरची मोट, नाडा आणि बैल हळूहळू गेले. पहाटे शिवारात इंजिनाची टुकटुक ऐकू येऊ लागली.

इथे एक गैरसमज दूर करू. 'डायरेक्ट इंजेक्शन' हा शब्द शोरूममध्ये असा उच्चारतात की जणू परवाच ते आकाशातून उतरलं! विहिरीवरच्या ५ अश्वशक्तीच्या किर्लोस्कर इंजिनातसुद्धा तेल थेट सिलिंडरातच फवारलं जायचं, सुमारे २०० बारच्या दाबाने. म्हणजे आपल्या दुचाकीच्या चाकात जेवढी हवा भरतो, त्याच्या जवळजवळ शंभरपट दाब. आपल्याकडच्या शेतकऱ्याने डायरेक्ट इंजेक्शन शहरातल्या मोटारवाल्याच्या कितीतरी आधी वापरलं आहे.

या इंजिनात काजळी कुठे बसायची? नोझलच्या टोकावर, पिस्टनच्या डोक्यावर, रिंगांच्या खाचांत आणि धुराड्याच्या वाटेत. नोझल नीट फवारा न मारता ठिबकायला लागलं की तेल पुरतं जळत नाही आणि धूर काळा येतो. शेतकरी लांबूनच धूर बघून सांगायचा, "नोझल गेलं." मग ते काढून पंप-नोझलवाल्याकडे न्यायचं. तो हातपंपावर बसवून फवारा कसा पडतो ते बघायचा : धुकं पडलं तर ठीक, धार लागली तर खराब. शिवाय हंगामाआधी हेड उतरवायचं, कार्बन खरवडायचा, व्हॉल्व्ह घासून पुन्हा बसवायचे. या कामाला गॅरेजात 'डिकार्बन करणं' असं म्हणत. ते नांगरटीसारखं, पाळीपाळीने व्हायचं.

आणखी एक बारीक गोष्ट सांगतो, पुढे ती कामाला येणार आहे. कोणत्याही इंजिनात सिलिंडरातला थोडा वायू रिंगांच्या फटीतून निसटून खाली तेलाच्या टाकीत जातो. तो तिथून बाहेर काढावाच लागतो, नाहीतर टाकीत दाब वाढतो. जाताना हा वायू तेलाची वाफ आणि तुषार बरोबर नेतो. जुन्या इंजिनांत एका नळीवाटे तो सरळ उघड्यावर सोडून देत. इंजिनाखालची जमीन तेलकट व्हायची, हवाही बिघडायची. पण तो तेलकट वायू इनटेकमध्ये परत येत नव्हता.

मधल्या काळातले दोन प्रसंग धावते सांगतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं, तेव्हा देशभर अनेक मोटारी कोळशाच्या गॅसवर चालवल्या गेल्या. गाडीच्या मागे भट्टी बांधलेली, तिच्यात लोणारी कोळसा, आणि त्याचा अर्धवट जळालेला वायू नळीने इंजिनात. यात काजळी आणि डांबर इंजिनाच्या वाटेवरच तयार व्हायचं. ते आत जाऊ नये म्हणून वायू गाळून आणि थंड करून घ्यावा लागे. ड्रायव्हर गाडी हाकण्याइतकाच वेळ भट्टी आणि गाळण्या साफ करण्यात घालवत असे. इथे मात्र उपाय नेमका होता, कारण काजळी जिथून येत होती तिथेच तिला अडवलं जात होतं.

दुसरा प्रसंग तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांना आठवत असेल. १९७२ साली चेतक आली, त्याच साली लुना आली. ही टू-स्ट्रोक वाहनं. यांच्यात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, लिटरमागे वीस ते चाळीस मिलिलिटर. ते ऑइलही जळायचं, पण अर्धवट. ती काजळी सायलेन्सरमध्ये आणि धुराच्या छिद्रात बसायची. गाडी चढ चढेना झाली की आपण काय करायचो? सायलेन्सर काढून शेकोटीत टाकायचो! आतला कार्बन लाल होऊन जळून जायचा, मग दांड्याने ठोकून राख झाडायची. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. ज्याला हे येत नव्हतं त्याने लुना घेऊच नये असा तो काळ. कुणी काही म्हणो, त्या काळात वाहनमालकाला आपल्या गाडीची काजळी हाताने ठाऊक होती.

आता एका कटू गोष्टीकडे येतो. ती टाळून हा इतिहास पुरा होणार नाही. काजळी नेहमीच यंत्राच्या दोषाने होते असं नाही, माणसाच्या लोभानेही होते. रेशनचं रॉकेल स्वस्त, पेट्रोल-डिझेल महाग. दोन्हींतला फरक खिशात घालण्यासाठी भेसळ होऊ लागली. ओळखू यावं म्हणून सरकारने रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला, तरी ती थांबली नाही. पेट्रोलमध्ये रॉकेल गेलं की ते नीट जळत नाही, इंजिन ठोके देतं आणि आत थर बसतो. खानदेशच्या उंबऱ्यावर, मनमाडजवळ, २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे ही भेसळ पकडताना जिवंत जाळले गेले. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी. आपण इंजिनातल्या काजळीबद्दल बोलतो तेव्हा ती तांत्रिक बाब वाटते. ती रोखायला गेलेल्या एका अधिकाऱ्याने जीव दिला आहे, एवढं स्मरण ठेवून पुढे जाऊ.

मोटारगाड्यांत या सुमारास मोठा बदल होत होता. पूर्वी पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण कार्बोरेटर करायचा. २००० साली देशभर धुराचे नवे नियम लागू झाले, आणि त्याच्या आगेमागे कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं. म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी, इनटेक व्हॉल्व्हच्या अलीकडे, एकेक इंजेक्टर. दाब तीन-चार बारचा. पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवर पडायचा आणि हवेबरोबर आत जायचा.

आता या रचनेकडे नीट बघा. पेट्रोल हे उत्तम धुणारं द्रव्य आहे. हाताला लागलेलं ग्रीस आपण त्यानेच काढतो. इंजिन चालू असताना दर फेऱ्याला व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोलचा शिडकावा होत होता, म्हणजे व्हॉल्व्ह अखंड धुतला जात होता. कार्बोरेटरच्या काळातही ओलं मिश्रण त्याच वाटेने जायचं. पुढे पेट्रोलमध्ये सफाईची द्रव्यं मिसळू लागले, ती याच भरवशावर. पण इंजेक्टर तिथे बसवला तो मुळात पेट्रोल नीट मोजून देता यावं म्हणून. धुणं हा वरचा लाभ, बिनमागता मिळालेला. आणि जो लाभ मागितलेला नसतो, त्याची नोंद सहसा कुणी जमाखर्चात करत नाही.

हा लाभ महत्त्वाचा ठरला तो आणखी एका बदलामुळे. तेलाच्या टाकीतला तो तेलकट वायू आठवतो ना, उघड्यावर सोडलेला? अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेचा शोध घेताना त्यातला एक गुन्हेगार हाच वायू निघाला. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून तो बाहेर न सोडता परत इनटेकमध्ये घ्यायची व्यवस्था गाड्यांना आली. पुढे ती जगभर झाली. हवेच्या दृष्टीने निर्णय अगदी योग्य होता, आज कुणी तो उलटवू म्हणणार नाही. पण तेलाचे तुषार आता इनटेक व्हॉल्व्हवरून जाऊ लागले. व्हॉल्व्ह धुतला जात होता, म्हणून चाळीसेक वर्षं कुणाला फारसं जाणवलं नाही.

मग पेट्रोलचं डायरेक्ट इंजेक्शन आलं. कल्पना जुनीच. युद्धकाळात जर्मन लढाऊ विमानांत ती होती, आणि १९५४ सालच्या मर्सिडीज ३०० एसएलमध्येही. पण सर्वसामान्यांच्या मोटारीत ती रुजली १९९६ नंतर, मित्सुबिशीपासून. आपल्याकडे २०१३ ची पोलो जीटी टीएसआय, २०१९ ची व्हेन्यू आणि सेल्टॉस, २०२० ची पेट्रोल थार, अशी ती पसरत गेली. आज जळगावच्या रिंगरोडवर तासभर उभे राहिलात तर अशा कितीतरी गाड्या समोरून जातील.

याचे फायदे खरे आहेत. पेट्रोल १५० ते ३५० बारच्या दाबाने थेट सिलिंडरात फवारलं जातं. तिथे त्याची वाफ होताना आतली हवा थंड होते, रांजणातलं पाणी गार होतं त्याच तत्त्वाने. हवा थंड, म्हणून मिश्रण जास्त दाबता येतं. लहान इंजिनातून जास्त ताकद मिळते आणि पेट्रोल वाचतं. पण पेट्रोलचा रस्ता बदलला. ते आता व्हॉल्व्हच्या पाठीवरून जातच नाही. वरून तेलाचे तुषार येतात, काही इंजिनांत धुराचा थोडा भागही परत फिरवलेला असतो, व्हॉल्व्ह तापलेला, आणि धुणारं कुणी नाही. तेल तिथे भाजून चिकटतं, त्यावर पुढचा थर, त्यावर आणखी पुढचा. ही कंदिलाच्या काचेवरची सुटी काजळी नाही, भाजलेल्या तेलाची खपली आहे. फडक्याने काय, पेट्रोलनेही ती सहज निघत नाही.

आता आमच्या तीन बाटल्यांचं काय झालं ते उघड आहे. टाकीत ओतलेलं औषध पेट्रोलबरोबर थेट सिलिंडरात गेलं. त्याने इंजेक्टरच्या टोकाला थोडा फायदा झालाही असेल. पण व्हॉल्व्हच्या पाठीला त्याचा एक थेंबही लागला नाही. एमपीएफआयच्या काळात जो उपाय बरोबर होता, तो रस्ता बदलल्यावर व्यर्थ झाला. आणि तो सुचवणाऱ्याने लबाडीच केली असेल असं आम्हाला वाटत नाही. जुनी सवय नव्या नावाने चालू होती, इतकंच.

इथे आमच्या विषयातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे. तिथे कुणी न्यायदर्शन शिकला असेल तर त्याला हे चटकन कळेल. नैयायिक 'नसणं' याचेही प्रकार करतात. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात अभाव चार प्रकारचा सांगितला आहे. त्यातले दोन आपल्या कामाचे. मडकं घडण्यापूर्वी मडक्याचं नसणं, हा प्रागभाव. मडकं फुटल्यानंतर त्याचं नसणं, हा प्रध्वंसाभाव. दोन्हीकडे मडकं नाही, पण दोन्ही एक नव्हेत. व्हॉल्व्हवर काजळी बसलीच नाही, हा एक अभाव. बसलेली खरवडून काढली, हा दुसरा. गॅरेजचं दरपत्रक बघा, दोन्हींना एकच नाव असतं, 'कार्बन क्लीनिंग'. आपण पैसे कशाचे देतो आहोत, न बसण्याचे की काढण्याचे, हे विचारलं तर अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

आधी दुसरा प्रकार, म्हणजे बसलेली काढणं. यात आजवरचा भरवशाचा मार्ग म्हणजे मॅनिफोल्ड उतरवून, ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद आहे तिथे अक्रोडाच्या टरफलांचा भरडा हवेच्या दाबाने मारायचा. टरफल कार्बनपेक्षा खमकं आणि धातूपेक्षा मऊ, म्हणून थर निघतो आणि व्हॉल्व्ह शाबूत राहतो. काम कसबाचं आहे, अर्धा-एक दिवस जातो. हवेच्या वाटेने फवारायची रसायनंही मिळतात, पण जाड, कडक थरावर त्यांचा उपयोग मर्यादित, आणि सुटलेला तुकडा आत जाण्याची धास्ती. आमच्या गाडीचं काम टरफलांनीच झालं. तेव्हापासून सकाळची हुडहुडी गेली. पण गाडी थरथरली की कारण हेच, असं समजू नका. प्लग, कॉइल, इंजेक्टर यांनीही असंच होतं. आधी आत डोकावून बघायला सांगा, मग पैसे द्या.

आता पहिला प्रकार, न बसू देणं. पूर्ण टाळता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण वेग पुष्कळ कमी करता येतो. आणि यात बाटलीपेक्षा वागणूक जास्त कामाची आहे.

पहिलं, इंजिन ऑइल. थर त्याच्याच वाफेचा होतो, म्हणून कमी उडून जाणारं तेल हवं. तेल २५० अंशावर तासभर तापवून त्यातलं किती टक्के उडालं हे मोजायची एक चाचणी आहे, नोआक नावाची. आजच्या चांगल्या मानकांत ही मर्यादा १३ ते १५ टक्क्यांची असते. आपण चाचणी करायला जाणार नाही, पण गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या मानकाचंच तेल घ्यायचं, दुकानदार 'हेही चालतं' म्हणाला म्हणून दुसरं नाही. आणि वेळेवर बदलायचं. किलोमीटर भरले नाहीत तरी वर्ष भरलं की बदलायचं. आमच्यासारख्या भाजीबाजारवाल्यांनी तर आधीच.

दुसरं, लहान फेऱ्या. दोन किलोमीटर जाऊन थांबलात की इंजिन तापतच नाही. थंड सिलिंडरात न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ तेलात उतरते, आणि तीच पुढे इनटेककडे निघते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी चांगली तापेल इतकी चालवा. जळगावहून भुसावळला जाऊन या. धुळ्याला कुणी सोयरे असतील तर फारच छान. याने बसलेला जुना थर निघेल असं मात्र नाही. तेल कोरडं राहील, एवढाच लाभ, आणि तो पुरेसा आहे.

तिसरं, उभ्या गाडीत एसी. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. लिंबाखाली गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून अर्धा-अर्धा तास बसणारे आपण रोज बघतो. हे इंजिनाला बाधतं. शक्य तिथे टाळा.

चौथं, एअर फिल्टर. आपली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते. ती तेलाच्या ओलीवर बसली की थर लवकर जाड होतो. कंपनीने सांगितलेल्या मुदतीआधीच फिल्टर बघा.

पाचवं, वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नका. 'मायलेज मिळतं' म्हणून तीसच्या वेगाला पाचवा गिअर टाकणारे असतात. टर्बो लावलेल्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कमी फेऱ्यांवर जास्त भार आला की मिश्रण ठिणगीआधीच पेटण्याचा धोका असतो, आणि त्यात पिस्टनसुद्धा फुटू शकतो.

कारखानदारही स्वस्थ बसलेले नाहीत. टोयोटाने २००५ पासून काही इंजिनांत दोन्ही जागी इंजेक्टर दिले, एक सिलिंडरात आणि एक जुन्या जागी, व्हॉल्व्हच्या अलीकडे. म्हणजे बिनमागता मिळालेला तो जुना लाभ आता मागून, पैसे मोजून परत घेतला. इतिहासात असं अनेकदा होतं. एखादी गोष्ट काय काम करत होती, हे ती काढून टाकल्यावरच कळतं.

शेवटी एक विनंती करून थांबतो. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरचे कागद गोळा करत, म्हणून आज आपल्याला तो काळ दिसतो. पण आग्रा रोडवरच्या गॅरेजांच्या वह्या, पंप-नोझलवाल्यांची टिपणं, जिनातल्या बॉयलरचे हिशेब, विहिरीवरच्या इंजिनाचं कुठलं काम कधी केलं याच्या नोंदी, यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही. ते मिस्त्री आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आमच्या गाडीचं दुखणं ज्यांनी पाच मिनिटांत ओळखलं, त्यांच्याकडे शिकाऊ पोरगा नाही आणि लिहून ठेवलेला कागदही नाही. ते गेले की काजळी कुठून कुठे गेली हे सांगणारा माणूसच गेला.

तेव्हा घरी गेल्यावर माळा बघा. वडिलांची, काकांची, शेजारच्या मिस्त्रीआबांची एखादी तेलकट वही सापडली तर रद्दीत देऊ नका. आमच्याकडे आणा, किंवा निदान तिच्या पानांचे फोटो काढून ठेवा. आणि आपल्या गाडीचं ऑइल कधी बदललं, कुठलं घातलं, किती किलोमीटरला घातलं, हे आजपासून एका वहीत लिहायला लागा. आम्ही लागलो आहोत. पहिल्या पानावर त्या तीन बाटल्यांच्या तारखा आणि रकमा आहेत.

आता प्रश्न घेऊ. मागून सुरुवात करा, पुढच्यांना नेहमीच संधी मिळते.